रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आला : इंग्रजी शब्दांनी चकवल्याचे अनुभव

काल आईचे कपाट आवरताना बाबांचा १९९८ सालचा थुंकी तपासणीचा कागद हाती आला आणि ती दुपार जशीच्या तशी आठवली. मी तेव्हा आठवीत होते आणि त्या वेळी घरात इंग्रजी वाचू शकणारी मी एकटीच होते. कागदावर निळ्या शिक्क्यात ‘पॉझिटिव्ह’ एवढेच उमटले होते. हा शब्द मला ‘चांगले’ याच अर्थाने ठाऊक होता, म्हणून मी आजीला रिपोर्ट चांगला असल्याचे सांगितले. तिने लगेच देवापुढे साखरेची वाटी ठेवली आणि चिमूटभर साखर बाबांच्या हातावर घातली. संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितले, की थुंकीत क्षयाचे जंतू सापडले आहेत. तपासणीत जे शोधायचे ते सापडले, एवढाच त्या शब्दाचा तिथे अर्थ असतो. तुमचेही असे अनुभव जरूर लिहावेत.

प्रतिसाद :
ताई, वाचून गलबलून आले. मी बँकेत कर्जविभागात होतो. एक शेतकरी आमचे पत्र घेऊन आनंदाने आले, कारण त्यांच्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात जो ‘आउटस्टँडिंग’ शेरा होता, तोच शब्द त्यांच्या कर्जखात्यापुढे छापलेला होता. ‘येणे बाकी’ असा अर्थ सांगताना माझी जीभ अडखळली. त्यानंतर प्रत्येक पत्रावर मी मराठी शब्द हाताने लिहीत असे.

प्रतिसाद :
मी न्यू जर्सीला असतो. इथल्या पहिल्या मुलाखतीत मी पुण्यातून २००९ मध्ये ‘पासआउट’ झाल्याचे सांगितले, तेव्हा समोरच्या बाईंनी काळजीने माझ्या प्रकृतीची चौकशी केली, कारण इथे त्याचा अर्थ शुद्ध हरपणे असा होतो. ‘टेबल’ या क्रियापदानेही असेच फसवले. ब्रिटनमध्ये प्रस्ताव ‘टेबल’ करणे म्हणजे तो चर्चेला घेणे, तर अमेरिकेत तो बाजूला ठेवणे. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांचा याच शब्दावरून लांबलचक वाद झाल्याचे चर्चिल यांनी नोंदवले आहे.

प्रतिसाद :
लंडनमध्ये आमच्या एकांकिकेच्या आधी शेजारीणबाई ‘ब्रेक अ लेग’ म्हणाल्या. त्या शुभेच्छाच होत्या, पण सासूबाईंनी तो शब्दशः घेतला आणि नारळ फुटेपर्यंत त्यांच्या जिवाला चैन नव्हते.

प्रतिसाद :
मी तीस वर्षे इंग्रजी शिकवले. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत ‘सेट’ या एका क्रियापदाचे चारशेहून अधिक अर्थ आहेत. हे ऐकून मुले धास्तावत, तेव्हा मी फळ्यावर ‘लागणे’ लिहीत असे. भूक लागते, ठेच लागते, नंबर लागतो, दिवा लागतो, जीव लागतो आणि पातेल्याच्या बुडाला दूधही लागते. यातले एकही वाक्य त्यांना पाठ करावे लागले नव्हते. ताई, बाबांचे पुढे काय झाले, ते लिहाल का?

धागाकर्ती :
सर, सहा महिन्यांच्या औषधांनी बाबा पूर्ण बरे झाले. शेवटचा रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ आला, तेव्हा मी आधी डॉक्टरांना अर्थ विचारला आणि मगच आजीला सांगितले. तिने तीच वाटी पुन्हा देवापुढे ठेवली.