बोंब : ऐकलेली, मारलेली आणि बोलण्यात उरलेली

‘कशाला बोंबलतोस’, ‘सगळा बेत बोंबलला’, ‘अभ्यासाच्या नावाने बोंब’ हे प्रयोग घरोघरी ऐकू येतात. परंतु हाताची पाठ तोंडावर मारत काढलेला जो आवाज या शब्दामागे आहे, तो प्रत्यक्ष ऐकलेली माणसे कमी होत चालली आहेत. ज्यांनी तो ऐकला असेल, स्वतः काढला असेल, किंवा ज्यांच्या घरी हा शब्द काही निराळ्या अर्थाने वापरला जात असेल, त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती.

सातारा
वडिलांच्या अंत्यविधीत मी खांद्यावर पाण्याचे मडके घेऊन चितेभोवती फिरलो. प्रत्येक फेरीला अश्म्याने, म्हणजे विधीसाठी घेतलेल्या दगडाने, मडक्यास एक छिद्र पाडले जात होते. तिसऱ्या फेरीनंतर मडके मागे टाकले, तेव्हा चुलते म्हणाले, “आता बोंब मार.” तोवर आल्यागेल्यांचे पाहण्यात मला रडायला सवड मिळाली नव्हती, आणि चारचौघांत मोठ्याने रडणे पुरुषाला शोभत नाही, ही समजूतही मनात घट्ट बसलेली होती. हात तोंडावर पडला आणि आवाज माझ्या ताब्यात राहिला नाही. ज्या रीतीने मला शोक करायलाच लावले, तिच्याविषयी मला आजही कृतज्ञता वाटते. काही घरांत यालाच ‘शंख करणे’ म्हणतात.

सोलापूर जिल्हा
आमची वस्ती गावापासून दूर, रानात होती. एका दुपारी कडब्याच्या गंजीला आग लागली, तेव्हा आजीने बांधावर उभे राहून बोंब ठोकली. गुराख्याची हाक रोजचीच असल्यामुळे तिच्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही; हाताने तुटत तुटत येणारा हा आवाज मात्र संकटाचाच, हे शिवारातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. पलीकडच्या वस्तीवरची माणसे काय झाले हे न विचारता घागरी घेऊनच धावत आली. गंजी गेली, पण गोठा वाचला.

नाशिक
वरील अनुभव वाचून ‘चोराच्या उलट्या बोंबा’ ही म्हण मला नव्याने उमगली. बोंब मारणारा तो संकटात सापडलेला, असे धरूनच लोक धावत असतील, तर चोराने स्वतःच बोंब मारणे म्हणजे गावाच्या या विश्वासाचीच चोरी होय.

रत्नागिरी जिल्हा
आमच्याकडे फाल्गुनी पौर्णिमेला होम पेटला की लहानथोर सारे बोंब मारतात आणि शिमग्याच्या फाका, म्हणजे आरोळ्या, घातल्या जातात. एरवी वडीलधाऱ्यांसमोर आवाज चढवण्याची आम्हा मुलांना मुभा नसे. त्या रात्री आजोबाच आम्हांला पुढे ढकलत.

लातूर
एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत प्रत्येकाच्या तोंडी ‘पाण्याची बोंब’ होती. अर्जात आम्ही ‘तीव्र पाणीटंचाई’ असे लिहीत होतो. टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या बायका मात्र ‘बोंब’च म्हणत, कारण त्या शब्दात रिकाम्या घागरीबरोबर त्यांची ओरडही होती. पुढे गल्लीच्या वतीने निवेदन लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी पहिल्याच ओळीत ‘आमच्याकडे पाण्याची बोंब आहे’ असे लिहिले आणि खाली सर्वांच्या सह्या घेतल्या.