विहिरीवर लावला की अग्निशमन बंब पाणी ओढत नाही

प्रश्न: बंबाचा सेंट्रिफ्युगल पंप (फिरत्या चाकाने पाणी फेकणारा) बंबाच्या टाकीतून उत्तम प्रेशर देतो, पण विहिरीवर प्राइम होत नाही, म्हणजे आतली हवा निघून पाणी भरत नाही. पाणी सहा मीटर खोल आहे. काय तपासू?

उत्तर १: कुठूनतरी हवा शिरतेय. पंप रिकामा करा, डिलिव्हरी (पाणी बाहेर जाण्याचे व्हॉल्व्ह) आणि ड्रेन कॉक (पंप रिकामा करायची तोटी) बंद करा, सक्शनला (पाणी ओढायच्या तोंडाला) ब्लँक कॅप म्हणजे बंद झाकण लावून प्रायमर (हवा ओढून काढणारं यंत्र) चालवा. प्रायमर बंद केल्यावर व्हॅक्यूम गेजचा (आतली निर्वात स्थिती दाखवणाऱ्या मापकाचा) काटा भराभर उतरला तर गळती पंपात. टिकला तर सक्शन होजमध्ये (विहिरीत सोडायच्या पाइपात). बहुतेकदा कपलिंगचं वॉशर वाळून चिरलेलं असतं.

उत्तर २: टाकीतून पंपाकडे येणारा व्हॉल्व्हही नीट बंद आहे ना बघा. होजच्या टोकाची गाळणी पाण्यात दोन फूट बुडालेली हवी, नाहीतर भोवरा होऊन हवा शिरते. होजला मध्येच उंचवटा नको.

उत्तर ३: पाणी सात मीटरपुढे खोल असेल तर ओढायचा नादच सोडा. सबमर्सिबलने टाकी भरा.