'बंदे' सगळ्यांना पाठ, पण 'कंदिसा' अख्खा कुणी ऐकलाय?

सातरस्ता : इंडियन ओशन या बँडचं नाव काढलं की आपल्याकडं लोक 'ब्लॅक फ्रायडे' सिनेमातलं 'बंदे' म्हणतात आणि विषय संपतो. मी परवा हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाताना त्यांचा २००० सालचा 'कंदिसा' हा अल्बम सलग ऐकला. सातही गाणी. माझ्या मते आपल्या देशातला इतका उपेक्षित अल्बम दुसरा नाही. 'माँ रेवा' हे नर्मदाकाठचं लोकगीत, आणि बेस वाजवणारा राहुल राम स्वतः नर्मदा बचाव आंदोलनात होता. 'हिल्ले ले' ही गोरख पांडेंची कविता. बँडचा गायक असीम चक्रवर्ती तबला वाजवत वाजवतच गायचा, त्यामुळं ठेका कुठं संपला आणि शब्द कुठं सुरू झाला ते सांगता येत नाही. असं गाणारे किती जण आहेत?

होटगीरोड : उपेक्षित? १९९० पासूनचा दिल्लीचा बँड. टाइम्स म्युझिकनं अल्बम काढला, सिनेमाला संगीत दिलं, देशभर कार्यक्रम झाले. तुम्ही आत्ता ऐकलंत म्हणून आधी कुणी ऐकलंच नव्हतं असं होत नाही. उपेक्षित म्हणायचं तर आपल्या गावातल्या पोरांना म्हणा. पदरमोड करून गाणी रेकॉर्ड करतात आणि ऐकायला घरचेच असतात.

सातरस्ता : नाव माहीत असणं वेगळं आणि अल्बम ऐकलेला असणं वेगळं. माझ्या ओळखीत त्यातलं 'खजुराहो' ऐकलेला एक माणूस दाखवा.

जुनीमिल : मी ऐकलंय. संपता संपत नाही. शब्द मोजके, वाजवणं लांबलचक. 'कंदिसा' हे गाणं तर केरळच्या सिरियन ख्रिस्ती लोकांची अरामाइक प्रार्थना. एक अक्षर कळत नाही. मला गाणं शब्दांतून भिडतं, इथं धरायला काहीच नाही.

अशोकचौक : ही हरकत सोलापुरात बसून घेऊ नका की ओ! ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची वचनं, म्हणजे भक्तिरचना, कन्नड. आमच्या गल्लीतल्या मराठी बायका ती म्हणतात. अर्थ विचारलात तर निम्मा सांगतील, सूर मात्र चुकत नाही. शहराच्या पूर्व भागातल्या लग्नात तेलुगू गाण्यावर नाचताना कोण अर्थ विचारतं? बाकी उपेक्षेबद्दल होटगीरोड यांचं मला पटतं, फक्त असीम सोडून. २००९ च्या डिसेंबरात तो गेला. त्याच्या आवाजाची चर्चा व्हायला हवी तेवढी कधीच झाली नाही.

जुनीमिल : वचनं लहानपणापासून कानावर असतात. अरामाइक माझ्या कानावर कधी पडली? 'माँ रेवा' मात्र मान्य. ते मी परत परत लावलं. पण एका गाण्यासाठी अख्ख्या अल्बमची आरती ओवाळणार नाही.

होटगीरोड : 'उपेक्षित'च्या जागी 'कमी ऐकलेला' लिहा, मी तुमच्या बाजूनं.

सातरस्ता : नाही लिहिणार. चाहते असूनही एखादं काम उपेक्षित राहू शकतं. आणि जुनीमिल, 'माँ रेवा' आवडलंय ना, मग रात्री ते संपलं की लगेच 'कंदिसा' गाणं लावा. फोनवर नको, चांगल्या स्पीकरवर. नाही भिडलं तर उद्या इथंच येऊन सांगा.