मदत हवी आहे: डोंगरउतारावरील उथळ प्रवाह किती गाळ वाहून नेईल, हे कसे काढावे?

सह्याद्रीच्या उतारावरील नाचणीच्या वावरातून भर पावसात जो जेमतेम काही मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर वाहतो, त्याची गाळ वाहून नेण्याची क्षमता काढताना मी अडलो आहे. यालिन यांचे १९६३ चे सूत्र मुळात तळालगत सरकणाऱ्या गाळासाठीचे आहे, आणि इथे तर पाण्याची खोली कित्येकदा ढेकळाच्या उंचीहूनही कमी असते. त्याऐवजी एकक प्रवाहशक्ती, म्हणजे वेग गुणिले उतार, वापरावी असा माझा कल आहे. मात्र थेंबांच्या माऱ्याचा परिणाम तीत थेट येत नाही. शिवाय चिकणमाती बरीचशी हलक्या गुठळ्यांच्या रूपानेच वाहते, तेव्हा व्यास आणि घनता सुट्या कणांची धरावी की गुठळ्यांची? तीव्र उतारावर प्रत्यक्ष मोजमाप केलेल्या जाणकारांनी कोणते सूत्र जुळले, ते कृपया कळवावे.