मुखवटा-नेत्सुके घेताना सहीला किती भाव द्यायचा?

जुनापुराणा: जपानी किमोनोला खिसे नसत. तंबाखूची थैली किंवा औषधाची डबी दोरीने कमरेच्या ओबीला, म्हणजे पट्ट्याला, लटकवायची आणि दोरी निसटू नये म्हणून वरच्या टोकाला नेत्सुके, म्हणजे एक छोटं कोरीव बटण. नो-क्योगेन या पारंपरिक जपानी नाटकांतल्या मुखवट्यांच्या इवल्याशा प्रतिकृतीही याच कामी आल्या. पाठीवर ‘तेंका इची, देमे उमान’ अशी कारागिराची सही दिसली की लोक वाट्टेल ती किंमत मोजतात, ते मला पटत नाही. ‘तेंका इची’ म्हणजे जगात पहिला. ही पदवी मिरवायला शोगुनशाहीने, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राजवटीने, १६८२ मध्येच बंदी घातली होती, तरी पुढच्या नेत्सुकेंवर ती कोरली गेलीच! मी आधी पाठ बघतो. दोरीसाठी ठेवलेली आडवी पट्टी किंवा भोकं वापराने गुळगुळीत झालीत का? तो खरा पुरावा.

लाकूडतोड्या: अजिबात नाही. देमे हे नो मुखवटे कोरणारं घराणं. सही घराणं सांगते, घराणं कोरण्याची रीत सांगतं. हान्याची, म्हणजे मत्सराने राक्षसीण झालेल्या बाईच्या मुखवट्याची, शिंगं आणि दात कोणीही कोरेल हो, पण त्या रागाखालचं दुःख दिसायला तयार हात लागतो. शिवाय १८६८ नंतर पाश्चात्त्य कपडे आले, खिसे आले आणि कितीतरी नेत्सुके थेट परदेशी गिऱ्हाइकांसाठी घडले. ते कमरेला लागलेच नाहीत. मग झीज कुठून येणार? तुमच्या कसोटीने ते सगळे बाद?

जुनापुराणा: बाद नाहीत, पण त्यांना ‘वापरातला जुना’ म्हणून विकू नका एवढंच. आणि रेझिनच्या साच्यातून निघालेल्या नकलेवर सहीसुद्धा जशीच्या तशी उतरते, त्याचं काय?

भिंगवाली: झीजही पॉलिश मारून आणता येते, तेव्हा दोघांनी जरा दमानं घ्या. मी भिंगातून कोरीव रेषांचा तळ बघते. हत्याराने कापलेली रेष धारदार राहते, साच्यातली बोथट. डोळ्यांच्या आणि नाकपुड्यांच्या कडांवर हा फरक पटकन कळतो.

लाकूडतोड्या: हे मान्य. पण चांगलं काम सहीसकट मिळत असेल तर मी जास्त मोजणारच.

भिंगवाली: मोजा की. फक्त हस्तिदंती घेऊन विमानात बसू नका. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९० पासून बंदी आहे आणि भारतातले नियमही कडक आहेत. मुखवटे तसेही लाकडातच शोभतात, हे माझं वैयक्तिक मत. त्यावर भांडायचं असेल तर नवा धागा काढा.