मुंबई नक्की बसलीय कशी? कोणी नीट समजावून सांगेल का

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. मी गंगाखेडचा, जूनपासून नोकरीसाठी मुंबईत येतोय, ऑफिस बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) आहे. आत्तापर्यंत तीनदाच आलोय, दोनदा दवाखान्याच्या कामाला आणि एकदा परीक्षेला, त्यामुळे दादर स्टेशन आणि टॅक्सीच्या खिडकीतून जे दिसलं तेवढंच माहितीय. फिरायची ठिकाणं नकोत, ती कुठंही वाचायला मिळतात. मला हे शहर कळतच नाही हो. आमच्याकडे मध्ये बाजार, बाजूला नदी आणि कडेकडेनं वस्ती वाढलेली, एका चकरेत सगळं कळतं. इथं मध्य कुठला? ठाणे मुंबईत धरायचं का नाही? माझा मित्र बोरिवलीत राहतो, सांगताना मी मुंबईत राहतो म्हणतो आणि रविवारी म्हणतो जरा मुंबईत जाऊन येतो. आणि एवढी माणसं आली कुठून? मोठं लिहिलं तरी चालेल, मी सगळं वाचणार आहे.

शीवची_वेस:
तुमचा मित्र दोन्ही वेळा बरोबर बोलतोय. जुनी मुंबई माहीम आणि शीवपाशी (म्हणजे सायन) संपायची, शीव म्हणजेच वेस, हद्द. त्याच्या पलीकडे खाडी आणि खाडीपलीकडे साष्टी, ते वेगळं बेट. वांद्रे, अंधेरी, बोरिवली, कुर्ला, मुलुंड सगळं साष्टीवर. १९५७ साली महापालिकेची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली, पण जुन्या लोकांच्या तोंडी 'मुंबईत जाणे' म्हणजे दक्षिणेला जाणे हेच राहिलं. ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, वसई-विरार या वेगळ्या महापालिका आहेत. मुंबईचे जिल्हे दोन, शहर आणि उपनगर, हे उपनगर १९९० मध्ये वेगळं केलं. २०११ च्या जनगणनेत दोन्ही मिळून १ कोटी २४ लाख लोक होते आणि त्यातले बहुतेक उपनगरात, म्हणजे खरी गर्दी जुन्या वेशीबाहेरच आहे.

आता मुख्य गोष्ट. वेशीच्या आतली मुंबई पण एक जमीन नव्हती, सात बेटं होती, कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, वरळी, परळ, माहीम. १५३४ ला पोर्तुगीजांकडे गेली, १६६१ च्या लग्नाच्या करारात इंग्लंडच्या राजाला मिळाली आणि त्याने १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंडांवर कंपनीला देऊन टाकली, हे शाळेत वाचलेलं असेलच. पण त्यानंतर जे झालं ते कोणी नीट सांगत नाही. बेटांच्या मधल्या खाड्यांमधून भरतीचं पाणी आत शिरायचं, ते १७८० च्या दशकात महालक्ष्मी-वरळीच्या मधे बांध घालून अडवलं, त्याला हॉर्नबी वेलार्ड म्हणायचे. मग आतली दलदल हळूहळू भरत गेली. म्हणून आज समुद्र दिसत नाही तिथेही पाण्याची नावं सापडतील, पायधुणी, उमरखाडी, बोरीबंदर. १८४५ मध्ये माहीम आणि वांद्र्याच्या मधे रस्ता बांधला, पैसे दिले जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाईंनी, दादर-माहीममधला लेडी जमशेटजी रोड त्यांच्याच नावाचा. तुम्ही त्या रस्त्यावरून जाल तेव्हा आठवण ठेवा, एका बाईने स्वतःचे पैसे घालून दोन बेटं जोडली.

मध्य विचाराल तर एक असा नाही. बंदर दक्षिणेला म्हणून पेढ्या, कोर्ट, युनिव्हर्सिटी सगळं फोर्टात, आणि सकाळी अख्खं शहर दक्षिणेला धावायचं. आता बीकेसी, अंधेरी, लोअर परळ असे तुकडे झालेत.

डबल_फास्ट:
वरच्यांनी छान लिहिलंय, मी फक्त गाड्यांचं सांगतो कारण राहायला लागल्यावर डोक्यात तोच नकाशा बसतो. जमीन चिंचोळी आणि उत्तर-दक्षिण लांब म्हणून गाड्या पण तशाच. समुद्राच्या बाजूने वेस्टर्न, चर्चगेट ते विरार-डहाणू. मधून सेंट्रल, सीएसएमटी ते कल्याण आणि तिथून एक फाटा कसाऱ्याला एक कर्जत-खोपोलीला. पूर्वेकडून हार्बर, वडाळा कुर्ला वाशी करत पनवेल. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदर ते ठाणे ३४ किलोमीटर गेली, आजही सेंट्रल त्याच वाटेने जाते. आडवं जाणं हाच खरा त्रास. घाटकोपरहून अंधेरीला जायचं तर पूर्वी जीव जायचा, २०१४ ला वर्सोवा-घाटकोपर मेट्रो आली तेव्हा कुठे सुटलो. कोणी पत्ता दिला की पहिला प्रश्न, ईस्ट का वेस्ट, रुळाच्या चुकीच्या बाजूला उतरलात तर अर्धा तास गेलाच.

गिरणगावकर:
माणसं कुठून आली ते मी सांगतो कारण आमचं घरच त्यात आहे. १८५० च्या दशकात पहिली कापड गिरणी निघाली, मग १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशातून अर्धं शहर उभं राहिलं आणि गिरण्यांत खपायला रत्नागिरी, सातारा, घाटावरून माणसं आली. माझे आजोबा राजापूरकडचे. गावाची एक खोली असायची परळला, वर्गणी भरली की गावच्या कुठल्याही पोराला पथारी टाकायला जागा, रात्रपाळीचा आला की दिवसपाळीचा उठणार. जेवण खानावळीत, ती चालवणाऱ्या बाया पण आमच्यातल्याच. एका खोलीत पंधरा-वीस जण राहून गावाला मनीऑर्डर पाठवायचे.

१८ जानेवारी १९८२ ला संप झाला, कामगार नेते दत्ता सामंतांचा, अडीच लाख गिरणी कामगार बाहेर. वडील तेव्हा साचा खात्यात, म्हणजे मागावर, होते. संप मिटला असं कोणी सांगितलंच नाही, गिरणी उघडली तेव्हा वडिलांना परत घेतलं नाही. आज तिथे टॉवर आहे, काचेचा. लोअर परळला उतरलात आणि मधेच एखादी विटांची चिमणी दिसली तर जरा थांबून बघा, एवढीच विनंती.

खोताची_वाडी:
गिरणगावकर दादा, मान्य, पण कोकण आणि घाट एवढंच नाही. साष्टीच्या गावठाणात ईस्ट इंडियन ख्रिश्चन लोक पिढ्यानपिढ्या आहेत, घरी मराठीच बोलतात, त्यांच्या वळणाची. बेने इस्रायली ज्यू अलिबागकडून आले, त्यांची घरची भाषा पण मराठी. कामाठीपुरा हे नाव तेलुगू कामाठी मजुरांवरून पडलं, माटुंग्यात तमिळ लोक, शिवाय पारशी, बोहरी, खोजा, गुजराती, कोकणी मुसलमान. प्रत्येकाने स्वतःची शाळा, दवाखाना, धर्मशाळा बांधली, आणि मग बाकीच्यांनीही ती वापरली. या शहराची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच.

वर्सोवा_बंदर:
आणि आम्ही कोळी तर या सगळ्यांच्या आधीपासून. मुंबादेवी मूळची आमची, शहराचं नाव तिच्यावरून. वरळी, माहीम, खारदांडा, वर्सोवा, मढ इथे कोळीवाडे अजून आहेत, म्हणजे तुम्हाला नकाशात शहराची कडा दिसते ना ती आमची पुढची ओटी.

गोदाकाठ दादा, तुम्ही जूनमध्ये येताय म्हणून एक सांगते, पावसाच्या बातमीबरोबर भरतीची वेळ बघायची सवय लावा. इथलं पावसाचं पाणी गटारातून समुद्रात जातं, पण भरती मोठी असली की समुद्रच वर असतो, गटाराचं तोंड खाली राहतं, मग पाणी जाणार कुठे. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा पाणी कमी चढतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस, त्यात भरती, आणि मिठी नदी दोन्ही बाजूंनी भराव टाकून आवळलेली. तुमचं बीकेसी त्याच मिठीकाठच्या खाजण, म्हणजे खाऱ्या दलदलीच्या, जमिनीवर आहे. दादरजवळ हिंदमाताला पाणी भरतं ते पण म्हणूनच, तो बशीसारखा खोल भाग आहे. तिवरं तोडली तिथं तिथं पाण्याने जागा परत मागितली, आमचे म्हातारे आधीपासून हेच सांगत होते.

गोदाकाठ:
ताई, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री नकाशा उघडून एकेक नाव शोधत बसलो होतो, बायको म्हणाली झोपा आता. दोन जागा बघितल्यात, एक कुर्ला वेस्टला तळमजला, बीकेसीला शेअर रिक्षाने पटकन, दुसरी ठाण्यात चौथा मजला पण रोज लोकल. कुर्ल्याची स्वस्त आहे. काय करू?

वर्सोवा_बंदर:
कुर्ल्याला पण मिठी जवळ आहे, म्हणून तळमजला बघून घ्या. एजंटला विचारू नका. खालच्या किराणावाल्याला विचारा, २००५ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं आणि आता दर पावसाळ्यात कुठपर्यंत येतं, तो हात लावून दाखवेल. आणि त्याने तिजोरी, फ्रीज, तांदळाची पोती विटांवर चढवून ठेवलेली दिसली तर वरचा मजला मिळतो का तेवढं बघा.

डबल_फास्ट:
+१. आणि ठाण्याची घेतलीत तर सुरू होणारी गाडी पकडा, ठाण्याहून सुटणाऱ्या स्लो असतात, बसायला मिळतं. बीकेसीला कुर्ला नाहीतर शीवला उतरायचं.