मदत हवी आहे: कॉकाटील तीन दिवस पिसं फुलवून बसलाय, सकाळपर्यंत थांबलं तर चालेल का?

नमस्कार. मी सेलूचा, जिल्हा परभणी. रात्रीचे साडेनऊ वाजलेत, घाईतच लिहितोय. ज्यांनी पक्षी पाळलेत त्यांनी कृपया वाचून लगेच सांगावं.

आमच्या घरी तीन वर्षांपासून एक कॉकाटील (छोटा परदेशी पोपट) आहे. राखाडी अंग, पिवळं तोंड, गालांवर केशरी टिकल्या, डोक्यावर तुरा. नर आहे, नाव बंड्या. (कुणीतरी विचारेलच म्हणून सांगतो, देशी पोपट नाही. तो पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे हे ठाऊक आहे. हा संभाजीनगरच्या एका दुकानातून आणला होता.) आई पहाटे उठून चहाचं आधण ठेवते. तिच्या बांगड्या वाजल्या की हा आतून शिट्टी घालतो, एक लांब आणि दोन आखूड. तीन वर्षांत एक दिवस चुकला नाही. सोमवारपासून शिट्टी बंद आहे.

पहिल्या दिवशी वाटलं थंडी वाजत असेल. सध्या आमच्याकडे पहाटे चांगलाच गारठा असतो. आई म्हणाली, "गारठलंय रे लेकरू, बघ कसं गोळा होऊन बसायलंय." पिंजऱ्यावर जुनी गोधडी टाकली आणि मी दुकानात निघून गेलो. दुसऱ्या दिवशीही तसाच. आज दुपारी दोन तास शेजारी बसून नीट बघितलं तेव्हा पोटात गोळा आला.

दोन्ही पायांवर बसतो. एरवी झोपताना एक पाय पोटाशी घेतो, तो घेत नाही. डोळे भर दुपारी अर्धे मिटलेले. मी जवळ गेलो की पिसं चापून ताठ होतो, डोळे उघडतो, अगदी ठीक असल्यासारखा दिसतो. मी दाराआड गेलो की मिनिटभरात पुन्हा फुगून बसतो. शेवटी स्वयंपाकघरातून फटीतून बघत राहिलो. श्वासाबरोबर शेपूट खाली-वर होते, हापशाचा दांडा हलावा तशी, पण बारीक. चोच उघडी नाही. डावी नाकपुडी ओली आहे आणि तिच्या वरची पिसं चिकटून पिवळट झालीत. दिवसात दहा-बारा शिंका.

विष्ठेचं सांगतो. पिंजऱ्याखाली वर्तमानपत्र असतं. एरवी हिरवी वळी, तिला लागून पांढरं आणि भोवती थोडासा ओला गोल, असे तीन भाग स्वच्छ दिसायचे. कालपासून पांढऱ्याच्या जागी पोपटी-पिवळं दिसतंय आणि ओला गोल मोठा झालाय. काकडी-बिकडी काही दिली नव्हती, त्यामुळे पाणी वाढण्याचं तेही कारण नाही.

खाणं राळा, बाजरी, करडई आणि सूर्यफूल. भाजीला तोंड लावत नाही. दाणे मात्र खातोय असं वाटतं, कारण वाटीच्या आजूबाजूला टरफलं पडलेली असतात.

संध्याकाळी गावातल्या एका डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, मी गाई-म्हशींचा माणूस, पक्ष्यांचं मला कळत नाही. त्यांचा राग नाही, खरं ते बोलले. येताना औषधाच्या दुकानात विचारलं तर त्यांनी कोंबड्यांसाठीची एक पुडी दिली, पाण्यात टाका म्हणाले. अजून टाकली नाही. टाकू का?

आणखी एक, कदाचित संबंध नसेल. तीन आठवड्यांपूर्वी भाच्याने आठवडी बाजारातून दोन लव्हबर्ड आणले. दुकानदार लव्हबर्ड म्हणतात, पण खरे ते बजरीगर, छोट्या पोपटांची वेगळी जात. त्यातला एक चौथ्या दिवशी मेला. दुसरा बंड्याच्याच खोलीत, वेगळ्या पिंजऱ्यात आहे.

माझे प्रश्न: ही लक्षणं आजची रात्र थांबण्यासारखी आहेत का? रात्रभर काय करू? आणि आपल्या भागात पक्ष्यांना कोण बघतं?

प्रतिसाद, नांदेडहून

दादा, पुडी टाकू नका. आजारी पक्षी पाणी आधीच कमी पितो, चव बदलली की तेवढंही सोडतो. मग औषध किती गेलं ते कुणालाच कळत नाही. माणसांची गोळी तर चुकूनही नको.

तुम्ही दाराआडून बघितलंत ते फार बरं केलंत. पक्षी दुखणं लपवतात. रानात अशक्त दिसणारा आधी शिकार होतो, म्हणून ते अंगात त्राण असेपर्यंत सोंग करतात. आपल्यासमोरही ज्याला सोंग करता येत नाही तो फार पुढे गेलेला असतो. तुमचा अजून करतोय, म्हणजे वेळ आहे, पण थोडा. तोंड उघडून श्वास घेऊ लागला, दांडीवरून खाली उतरून तळाशी बसला किंवा रक्त दिसलं, तर रात्रीच गाडी काढा. नाहीतर उद्या सकाळी पहिलं काम हेच. परवावर टाकू नका.

आता दोन गोष्टी करा. वाटी हातात घेऊन वरची टरफलं फुंका आणि खाली काय राहतं ते बघा. आणि त्याला टॉवेलमध्ये हलक्या हाताने धरून (छाती आवळू नका, पक्षी छाती हलवूनच श्वास घेतो) छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा. दोन्ही बाजूंना मांस लागलं पाहिजे. श्वास जास्त वाटला तर हे राहू द्या, लगेच सोडा.

ऊब द्या. ३० अंशांच्या आसपास. पिंजऱ्याच्या एका बाजूला बाहेरून जुना पिवळा बल्ब लावा, एलईडीने ऊब येत नाही. तीन बाजू कापडाने झाका. दुसरी बाजू गार राहू द्या, त्याला नको झालं तर सरकता आलं पाहिजे. पंख अंगापासून लांब धरून धापा टाकू लागला तर बल्ब मागे घ्या. त्या खोलीत कॉइल, उदबत्ती, धूप, फोडणीचा ठसका काहीही नको. नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याच्या वाफेने धडधाकट पोपटसुद्धा काही मिनिटांत मरतो, म्हणून तोही बंद.

परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, तुम्हाला तोच जवळ. लातूर-उदगीरकडच्यांना उदगीरचं महाविद्यालय. जाताना आज रात्रीचा विष्ठेचा कागद सोबत न्या आणि शेपूट हलतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. तिथे टेबलावर तो पुन्हा सोंग करेल.

शेवटचं, पण महत्त्वाचं. नवा पक्षी मेला, पोपटी-पिवळी विष्ठा, नाक ओलं, हे सगळं एकत्र आलं की सिटॅकोसिसचा, म्हणजे पोपटांच्या जातीत आढळणाऱ्या एका जिवाणूजन्य रोगाचा, संशय घ्यावा लागतो. तो माणसांना होतो. घरात कुणाला ताप, कोरडा खोकला आहे का? विष्ठा कोरडी झाडू नका, आधी पाणी शिंपडा, तोंडाला मास्क लावा.

मी, रात्री साडेअकरा

ताई, तुमचे उपकार कसे मानू. वाटी फुंकली. वरची टरफलं उडाली आणि खाली सोललेले दाणे जसेच्या तसे. राळ्याचे पिवळे, करडईचे पांढरे. तीन दिवस तो दाणा चोचीत घेत होता, सोलत होता आणि टाकून देत होता. मी टरफलं बघून "खातोय" म्हणत होतो.

छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागलं. पिसं फुललेली म्हणून अंगाने भरलेला दिसत होता. दुकानातला काटा पाच ग्रॅमपेक्षा बारीक फरक दाखवत नाही, म्हणून शेजारच्या सराफांना उठवलं. त्यांनी न कुरकुरता काटा आणून दिला. पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवून, खोक्याचं वजन वजा करून ७१ ग्रॅम. मोठा कॉकाटील ८० ते १०० च्या घरात असतो असं वाचलं. त्याचं आधीचं वजन माझ्याकडे लिहिलेलं नाही. असतं तर आठवडाभर आधीच कळलं असतं.

पिवळा बल्ब अख्ख्या गल्लीत कुणाकडे निघेना. शेवटी पोल्ट्रीवाल्या मित्राने पिल्लांच्या ब्रूडरमधला (ऊब द्यायच्या पेटीतला) काढून दिला. लाइट गेली तर म्हणून गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून तयार ठेवलीय.

आणि हो, आईला आठ दिवसांपासून कोरडा खोकला आहे. रात्री अंग तापतं. पिंजरा रोज तीच झाडते, कोरड्या झाडूने. थंडीचा खोकला म्हणून आम्ही काढा देत होतो. तुम्ही विचारलं नसतं तर दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र आल्याच नसत्या.

मी, तीन दिवसांनंतर

बऱ्याच जणांनी पुढे काय झालं विचारलं, म्हणून सविस्तर लिहितो.

सकाळी मित्राच्या गाडीने परभणीला गेलो. रेल्वेत वारा लागेल म्हणून नको म्हटलं. छोट्या खोक्यात पाण्याची वाटी न ठेवता काकडीची फोड ठेवली होती, पाणी सांडून अंग भिजू नये म्हणून. ताई म्हणाल्या तसंच झालं. टेबलावर बंड्या ताठ उभा राहिला, तुरा वर, जणू काही झालंच नाही. मग मी व्हिडिओ दाखवला. डॉक्टरांनी तो दोनदा बघितला, कागदावरची विष्ठा बघितली, चोच उघडून टाळू बघितला आणि बजरीगरबद्दल खोदून खोदून विचारलं.

संशय सिटॅकोसिसचाच. नमुने घेतलेत, पण निकालाची वाट बघण्याइतकं अंगात काही उरलेलं नाही म्हणून डॉक्सीसायक्लीन हे प्रतिजैविक लगेच सुरू केलं. ४५ दिवस द्यायचं, मधे बरा दिसला तरी बंद करायचं नाही. डोस मुद्दाम लिहीत नाही, तो वजनावर ठरतो आणि इथे वाचून कुणी आपल्या पक्ष्याला देऊ नये. पिंजऱ्यातला समुद्रफेस (कॅल्शियमसाठी चोचीने कुरतडायला ठेवतात तो) काढायला सांगितला, कॅल्शियममुळे हे औषध अंगाला लागत नाही. उरलेला बजरीगर वरून ठणठणीत दिसतो, तरी त्यालाही औषध. वरून चांगला दिसणारा पक्षीसुद्धा रोग पसरवू शकतो म्हणाले. नवा पक्षी निदान महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवायचा असतो, हे मला आता कळलं. मी वेगळा पिंजरा म्हणजे वेगळं ठेवणं समजत होतो. वाळलेल्या विष्ठेची धूळ हवेतून जाते, तिला पिंजऱ्याच्या सळया थोड्याच अडवणार.

दुसरं कारण खाणं. नुसत्या दाण्यांवरच्या पक्ष्याला अ जीवनसत्त्व मिळत नाही, नाका-घशाचं आतलं अस्तर कमजोर होतं आणि असले रोग लवकर धरतात. आपल्या करडईचा आणि सूर्यफुलाचा मला मोठा अभिमान, पण त्यात निव्वळ तेल. गाजर, लाल भोपळा, मेथी, शेवग्याचा पाला, लाल मिरचीसुद्धा चालते म्हणाले.

आईला तिच्या डॉक्टरांकडे नेलं आणि घरात आजारी पोपट आहे हे पहिल्या वाक्यात सांगितलं. छातीचा फोटो काढला, औषध सुरू झालंय. काल रात्री ताप नव्हता. मोठ्या बहिणीने तिला आपल्याकडे नेलंय, ती मात्र फोनवर माझ्याआधी बंड्याचं विचारते. "खाल्लं का त्यानं?"

खाल्लं. पहिले दोन दिवस डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे पातळ खाणं सिरिंजने भरवलं. आज सकाळी वाटी फुंकली तर खाली फक्त सात-आठ सोललेले दाणे. वजन ७४ ग्रॅम. सराफांचा काटा परत केला, एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा घेतला, आणि वहीत रोज सकाळी, दाणे घालायच्या आधी, आकडा लिहितोय. शेपूट अजून हलते पण कमी. दुपारी दाराआडून बघितलं तेव्हा एक पाय वर घेतलेला होता. शिट्टी नाही अजून.

आता दोन अडचणी आहेत. औषध चोचीच्या कडेने थेंब-थेंब देतो तरी निम्मं डोकं झटकून उडवतो. ठसका लागू नये म्हणून जोर करवत नाही, आणि उडवलेलं पुन्हा द्यावं तर डोस जास्त होईल ही भीती. तुम्ही कसं देता? आणि भाजीकडे तो ढुंकून बघत नाही. किसलेलं गाजर राळ्यात मिसळून बघितलं, गाजर बाजूला सारून दाणे टिपतो. आजारपणात दाणे बंद करायचे नाहीत हे सांगितलंय. अशा हट्टी कॉकाटीलला पाल्याची सवय कुणी लावली असेल तर कुठल्या पाल्यापासून सुरुवात केली आणि किती दिवस लागले ते कृपया लिहा. शेवगा दारातच आहे.